एडी८२३२ ईसीजी मॉड्यूल: बायोमेडिकलमध्ये येऊ पाहणाऱ्या मुलीसाठी पहिलं साधन म्हणून कसं आहे?

बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे वळणाऱ्या मुलीने स्वतःच्या पैशाने पहिलं काय घ्यावं, याचं आमचं उत्तर ठरलेलं आहे: एडी८२३२ ही चिप बसवलेलं छोटं ईसीजी मॉड्यूल. पुस्तकं उसनी मिळतात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्वतःच्या हृदयाचा सिग्नल स्वतःच्या टेबलावर पकडण्याची सोय मात्र पूर्वी सहज मिळत नव्हती, आणि ती या आगपेटीएवढ्या बोर्डाने करून दिली. फक्त पाकिटातून काढलं की लगेच नीट चालेल, अशी अपेक्षा ठेवू नका. पहिल्याच जोडणीत पडद्यावर जाडजूड, थरथरणारा पट्टा दिसतो आणि ‘मॉड्यूल खराब आलंय’ असं वाटून ते खणात जाऊन पडतं. प्रत्यक्षात मॉड्यूल क्वचितच खराब असतं. गडबड कुठे होते आणि का होते, तेच इथे सविस्तर लिहितो आहोत.

पाकिटात बोर्ड असतो, सुट्या हेडर पिना असतात, आणि एका टोकाला साडेतीन मिलिमीटरचा जॅक व दुसऱ्या टोकाला तीन बटणं असलेली केबल असते. काही विक्रेते तीन इलेक्ट्रोडही देतात. बोर्डावर कामाच्या पिना सहा: जीएनडी (ग्राउंड), ३.३ व्होल्ट, आउटपुट, इलेक्ट्रोड सुटल्याचं कळवणाऱ्या एलओ प्लस आणि एलओ मायनस, आणि एसडीएन. पैकी एसडीएन ही पिन चिपला झोपवण्यासाठी, म्हणजे बंद ठेवण्यासाठी असते. सुरुवातीला ती मोकळी ठेवली तरी चालतं. चिप अ‍ॅनालॉग डिव्हायसेस कंपनीची, चार मिलिमीटर चौरसाची, वीस पायांची. ती स्वतः साधारण १७० मायक्रोअँपिअर एवढाच करंट घेते, त्यामुळे बटण सेलवर चालणाऱ्या पट्ट्यांमध्येही ती वापरता येते. आतला इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल शंभर पटीने वाढवतो. त्यापुढे बोर्डावरच्या रेझिस्टर-कपॅसिटरनी फिल्टर आणि आणखी अकरा पट गेन (सिग्नलची वाढ) लावलेला असतो. म्हणजे एकूण गेन ११०० आणि पुढे जाऊ दिलेल्या फ्रीक्वेन्सींचा पट्टा साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या निम्म्या शंका त्यांच्यातूनच सुटतात.

पहिली चूक सोल्डरिंगची. हेडर पिना छिद्रांत नुसत्या खोचून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडण्या करायच्या छिद्रांच्या पाटीवर) बसवल्या की कधी संपर्क होतो, कधी सुटतो, आणि पडद्यावर अचानक उड्या दिसतात. या उड्या हुबेहूब हालचालीच्या नॉइजसारख्या दिसतात, म्हणून मुली इलेक्ट्रोड बदलत बसतात. सहा पिना सोल्डर करा. सोल्डरिंग आयर्नचं टोक पिन आणि पॅड (छिद्राभोवतीचं धातूचं कडं) दोन्हींना एकदम टेकवायचं, दोनेक सेकंद तापू द्यायचं, मग सोल्डरची तार पॅडला लावायची, टोकाला नाही. सांधा चकचकीत आणि बाजूंनी उतरता दिसला पाहिजे. गोल मणी झाला तर तो परत तापवा. गटाने प्रयोग करताना सोल्डरिंग आयर्न मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात अशी वाटणी नकळत होत जाते. ती इथेच मोडायची. दवाखान्यातल्या उपकरणांच्या दुरुस्तीत हाताला सोल्डरिंगची सवय नसेल तर पहिल्याच आठवड्यात अडतं.

दुसरी चूक महागात पडते. चिपचा कामाचा पुरवठा २ ते ३.५ व्होल्ट आहे आणि सहनशक्तीची कमाल मर्यादा ३.६ व्होल्ट. बऱ्याच बोर्डांवर जास्तीचं व्होल्टेज खाली आणणारा रेग्युलेटर नसतो. सिग्नल वाचून संगणकाकडे पाठवणाऱ्या अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनला जोडलंत तर चिप जाते, आणि बरेचदा धूर न काढता जाते: आउटपुट एका पातळीवर चिकटून बसतं आणि दोष शोधण्यात वेळ जातो. जोडणी करण्याआधी मल्टिमीटरने ती पिन खरोखर ३.३ व्होल्ट देते आहे ना, हे बघा.

केबलच्या रंगांवर अजिबात विसंबू नका. आंतरराष्ट्रीय पद्धतीत उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा असतो. अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा. या मॉड्यूलच्या केबली यांपैकी कोणतीही एक पद्धत धडपणे पाळत नाहीत. लाल, पिवळा, हिरवा असतो तसाच काळा, निळा, लालही येतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक केबलच्या बटणाला आणि दुसरं जॅकच्या तीन कड्यांना आळीपाळीने लावा. मग जॅक बोर्डात पूर्ण आत ढकलून कोणतं कडं आरए (उजवा हात), एलए (डावा हात) आणि आरएल (उजवा पाय) या छिद्रांशी जुळतं ते तपासा. प्रत्येक छिद्राला थेट शून्य ओहम मिळेलच असं नाही, कारण वाटेत रेझिस्टर असू शकतात: हातांच्या दोन्ही वाटांत १८० किलोओहम, पायाच्या वाटेत ३६०. हे रेझिस्टर फुकटचे नाहीत. चिपमध्ये बिघाड झाला तर अंगात जाणारा करंट तेच रोखतात. ‘सिग्नल मोठा येईल’ म्हणून ते काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आणि आलेख उलटा, म्हणजे मोठी लाट खाली जाणारी दिसली, तर आधी हाताच्या दोन तारांची अदलाबदल झालीय का ते बघा.

आता इलेक्ट्रोड. सिग्नलची खरी प्रत इथे ठरते, चिपमध्ये नाही. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे, आधीच जेल लावलेले, एकदाच वापरायचे इलेक्ट्रोड घ्या. चांदीच्या अशा इलेक्ट्रोडचं त्वचेशी साधारण २२० मिलिव्होल्टचं स्वतःचं विभव (व्होल्टेज) तयार होतं. दोन्ही हातांना एकाच जातीचे, एकाच पाकिटातले इलेक्ट्रोड असतील तर ही दोन विभवं एकमेकांना रद्द करतात. एक नवा, एक वाळलेला असं केलंत तर फरक उरतो. चिप ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा फरक सोसते, त्यापुढे आउटपुट भिंतीला टेकतं. आणि आपल्याला हवा असलेला ईसीजी केवढा? एक मिलिव्होल्टच्या आसपास. उघडलेलं पाकीट दुमडून घट्ट बंद करा, नाहीतर उरलेल्यांचं जेल वाळतं. मॉड्यूलसोबत फुकट आलेले इलेक्ट्रोड किती जुने आहेत ते कळत नाही, म्हणून ते सरावाला ठेवा.

त्वचा साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा, गॉजच्या तुकड्याने चार-पाचदा हलकेच घासा. मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीन लावलेल्या त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटतो, पण संपर्काचा रोध खूप राहतो आणि हम, म्हणजे आसपासच्या विजेचा शिरलेला नॉइज, वाढतो. चिकटवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा; जेल त्वचेत मुरलं की रेघ स्थिर होते. गोंदाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी हाताच्या आतल्या बाजूला एक लावून बघावा. जखमेवर कधीच लावू नये, आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीवर हा प्रयोग करू नये.

इलेक्ट्रोड नेमका कुठे लावायचा, हा या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण मॉड्यूलसोबतच्या चित्रांत जवळजवळ नेहमी सपाट, उघडी, पुरुषी छाती असते. वर्गातल्या प्रात्यक्षिकालाही शर्ट काढायला मुलगाच उभा राहतो. परिणाम असा की शिकणाऱ्या मुली सिग्नल पडद्यावर बघतात, पण इलेक्ट्रोड लावणं, तो हलल्यावर काय होतं हे बघणं आणि तो परत लावणं, हे त्यांच्या वाट्याला येत नाही. या मॉड्यूलला त्यासाठी कुणाची छाती उघडी लागत नाही. सैल गळ्याच्या कपड्यात दोन्ही कॉलरबोनच्या खाली, खांद्याकडच्या खोलगट भागात, दोन इलेक्ट्रोड लावा: उजवीकडे आरए, डावीकडे एलए. तिसरा आरएल उजवीकडे कंबरेच्या हाडावर. कॉलरबोनखालच्या या जागेला मांसल ऊती कमी, हालचाल कमी, आणि जागा स्वतःच्या हाताला सापडते. हातापायांऐवजी धडावर इलेक्ट्रोड लावण्याची ही कल्पना मेसन आणि लिकर यांनी १९६६ साली व्यायाम करतानाच्या ईसीजीसाठी मांडली होती. त्यात लाटांची उंची मनगटावरच्या नोंदीपेक्षा थोडी बदलते, हे लक्षात ठेवा. मनगटं आणि घोटा वापरले तरी लाट येते, पण स्नायूंचा खरखराट जास्त असतो.

काही अडचणी चित्रांमध्ये आणि माहितीपत्रकांत सापडत नाहीत. गळ्यातली धातूची साखळी इलेक्ट्रोडच्या बटणाला टेकली की उभ्या टोकदार रेघा येतात. साखळी काढून ठेवा. तारेच्या ब्राची तार किंवा पट्टा केबलला घासला की प्रत्येक श्वासाला रेघ वर-खाली होते. आरएल बरगडीवर लावायची सूचना असते, तिथे नेमका पट्टा येतो, म्हणूनच आम्ही कंबरेचं हाड सुचवतो. आणि इलेक्ट्रोड स्तनाच्या ऊतीवर लावू नका. ती त्वचेसकट सरकते आणि अंतर वाढल्याने लाट लहान होते. बारा लीडच्या ईसीजीत व्ही४ ते व्ही६ हे इलेक्ट्रोड स्तनाच्या खालच्या घडीत लावण्याची रूढ पद्धत आहे, आणि ते नीट लावायला तंत्रज्ञाकडे वेळ आणि संकोच न करणारी शिस्त दोन्ही लागतात. हे ज्या मुलीने स्वतःवर करून पाहिलंय तिला उद्या पॅच, पट्टा किंवा मॉनिटर डिझाइन करताना वापरणारीचं शरीर वेगळ्याने आठवावं लागत नाही. या क्षेत्रात स्त्रिया हव्यात याची जी अनेक कारणं सांगितली जातात, त्यांतलं हे कारण आम्हाला सगळ्यात भक्कम वाटतं. वैद्यकीय संशोधनाचा बराच जुना डेटा पुरुषांवर बेतलेला आहे. अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या क्लिनिकल संशोधनात स्त्रियांना सामावून घेणं कायद्याने बंधनकारक झालं तेच १९९३ साली.

आता हम. पडद्यावर रेघेऐवजी पट्टा दिसतो तो जवळपासच्या वीजवाहिन्यांचा ५० किंवा ६० हर्ट्झचा सिग्नल असतो. शरीर अँटेनासारखं तो पकडतं. ४० हर्ट्झचा फिल्टर तिथे फार कमी काटछाट करतो, कारण दोन्ही आकडे अगदी शेजारी आहेत. खरं काम तिसरा इलेक्ट्रोड करतो: दोन्ही हातांवर सारखाच आलेला हम चिप उलटा करते आणि आरएलमधून शरीरात परत सोडते, म्हणजे तो मुळातच दबतो. ‘लीड तर दोन हातांमधली, मग तिसरी तार कशाला?’ हा प्रश्न मुलाखतीत येऊ शकतो, आणि त्याचं उत्तर आरएलची तार काढून-लावून पडद्यावर बघितलेल्या मुलीला पाठ करावं लागत नाही. तारा एकमेकींत पिळून घ्या. त्यांच्यामधला मोकळा फास जितका मोठा, तितका हम जास्त. वीजजोडणीच्या पट्टीपासून आणि चार्जरपासून हात-दोन हात लांब बसा. हात मांडीवर सैल ठेवा. थंडीने अंग थरथरत असेल तर स्नायूंचा सिग्नल येणारच, तो कोणत्याही फिल्टरने पूर्ण जात नाही, कारण त्याचा पट्टा ईसीजीच्या पट्ट्यात घुसलेला असतो.

चार्जर काढायचं दुसरं कारण हमपेक्षा कितीतरी गंभीर आहे. या बोर्डावर विद्युत विलगीकरण नाही. इलेक्ट्रोडपासून यूएसबीपर्यंत आणि तिथून लॅपटॉपच्या चार्जरपर्यंत सलग वाट आहे. चार्जर बिघडला तर तो करंट छातीतून जाऊ शकतो. रुग्णाला जोडायच्या उपकरणांचं मानक आयईसी ६०६०१-१ रुग्णाच्या अंगातून जाणारा गळती करंट नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअरपर्यंत चालवून घेतं, आणि हृदयाशी थेट जोडायच्या, सीएफ जातीच्या भागांसाठी फक्त १०. हे मॉड्यूल त्या चाचणीतून गेलेलं नाही. म्हणून नियम साधा: लॅपटॉप फक्त बॅटरीवर, चार्जर प्लगमधून काढलेला, आणि त्याला प्रोजेक्टर, प्रिंटर, नेटवर्कची तार किंवा ऑसिलोस्कोप यांतलं काहीही जोडलेलं नको. याहून चांगला मार्ग म्हणजे ईएसपी३२ हा ब्लूटूथ असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड पॉवर बँकवर चालवायचा आणि सिग्नल ब्लूटूथने पाठवायचा. मग विजेच्या जोडणीकडे जाणारी तारच उरत नाही. आमच्या मते मॉड्यूलसोबत ही सूचना ठळक अक्षरांत छापलेली असायला हवी. ती सहसा नसते, आणि त्यासाठी आम्ही या उत्पादनाचे गुण कापतो.

सॉफ्टवेअरकडे वळू. इंटरनेटवर फिरणारा नमुना प्रोग्रॅम छोटा आहे: एलओ प्लस १० नंबरच्या पिनला, एलओ मायनस ११ ला, आउटपुट ए० ला, प्रत्येक वेळी वाचन करून सिरियलवर छापायचं आणि एक मिलिसेकंद थांबायचं. वाचणाऱ्याला वाटतं, सेकंदाला हजार नमुने येतात. तसं होत नाही. बॉड रेट (सिरियलवरून माहिती जाण्याचा वेग) ९६०० असताना सेकंदाला ९६० अक्षरं जातात. तीन अंकी आकडा आणि ओळ संपवणारी दोन चिन्हं मिळून पाच अक्षरं, म्हणजे फार तर १९२ नमुने. आकडा दोन अंकी झाला की तोच दर २४० होतो. नमुन्यांमधलं अंतर सिग्नलच्या उंचीनुसार बदलतं, आणि अशा नोंदीवरून मोजलेला आर-आर अंतराचा, म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांच्या उंच आर लाटांमधल्या वेळेचा, प्रत्येक आकडा चुकतो. हृदयाच्या ठोक्यांतला बदल अभ्यासायचा असेल तर ती नोंद टाकूनच द्यावी लागते. उपाय: बॉड रेट १,१५,२०० करा, थांबण्याची ओळ काढा, आणि मायक्रोसेकंदांचं घड्याळ बघून दर ४००० मायक्रोसेकंदांनी एक नमुना घ्या. २५० हर्ट्झ झाले. नाडी मिनिटाला ७५ असेल तर दोन ठोक्यांमध्ये २०० नमुने मिळतात. ८० ते १०० मिलिसेकंदांच्या क्यूआरएसमध्ये (ठोक्याच्या मुख्य टोकदार लाटेत) २० ते २५. सुरुवातीला पुरे.

इलेक्ट्रोड सुटला की तोच प्रोग्रॅम उद्गारचिन्ह छापतो आणि आलेख काढणारं प्लॉटर त्याने गोंधळतं. त्याऐवजी दुसऱ्या स्तंभात शून्य किंवा एक छापा. एका हाताची तार सुटली तर त्याच हाताची एलओ पिन वर जाते. पायाची सुटली तर दोन्ही वर जातात, कारण दोन्ही वाटांना वर खेचणाऱ्या १० मेगाओहमच्या रेझिस्टरांना शरीर मधल्या पातळीवर धरून ठेवणारं कुणी उरत नाही. मॉनिटरवर ‘लीड ऑफ’चा अलार्म कसा ठरतो ते इथे तुमच्या टेबलावर उघडं पडतं.

आणखी एक बारकावा. उनोचा दहा बिटांचा कन्व्हर्टर पाच व्होल्टच्या पट्टीवर मोजतो आणि सिग्नल तर ३.३ व्होल्टमध्येच असतो, म्हणजे पट्टीचा एक तृतीयांश भाग वाया. पी लाट, म्हणजे क्यूआरएसच्या आधीची छोटी लाट, ०.१ ते ०.२ मिलिव्होल्टची, ११०० पट झाल्यावर ११० ते २२० मिलिव्होल्ट, पाच व्होल्टच्या पट्टीवर ती जेमतेम २२ ते ४५ पायऱ्या चढते. मोजपट्टीची कमाल ठरवणाऱ्या एआरईएफ (संदर्भ) पिनला ३.३ व्होल्ट जोडलेत तर ३४ ते ६८. पण प्रोग्रॅममध्ये बाहेरच्या संदर्भाची ओळ पहिल्या वाचनाच्या आधी हवी, नाहीतर आतला आणि बाहेरचा संदर्भ एकमेकांना भिडतात आणि मायक्रोकंट्रोलर बिघडू शकतो. अ‍ॅनालॉग सिग्नल आकड्यांत उतरवण्याचं हेच काम मेंदूच्या लहरींसाठी करणाऱ्या पहिल्या पिढीत थेल्मा एस्ट्रिन होत्या. १९५१ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पीएचडी घेऊन त्या पुढे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ब्रेन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि तिथली डेटा प्रोसेसिंगची प्रयोगशाळा त्यांनी सांभाळली. बायोमेडिकलच्या वाटेला इलेक्ट्रॉनिक्समधूनही येता येतं, जीवशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असं नाही, हे विचारणाऱ्या मुलींना आम्ही त्यांचं नाव सांगतो.

अंगाला तारा लावण्याआधी मॉड्यूल तपासायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. वेगळ्या बॅटरीवर चालणाऱ्या दुसऱ्या बोर्डाच्या पिनवरून सेकंदाला एक अशी पाच व्होल्टची चौकोनी लाट काढा. ती १ मेगाओहम आणि २२० ओहमच्या जोडीतून खाली आणा: २२० ओहमच्या दोन टोकांत १.१ मिलिव्होल्ट मिळतात. वरच्या टोकाला एलए, खालच्या टोकाला आरए आणि आरएल. आउटपुटला साधारण १.२ व्होल्टची उडी दिसली तर गेन बरोबर आहे. आता त्या लाटेकडे नीट बघा. तिचे माथे सपाट राहिलेले नाहीत. वर गेलेली रेघ लगेच मधल्या पातळीकडे घसरते आणि तिला ओलांडूनही जाते. हे ०.५ हर्ट्झच्या फिल्टरचं काम. ईसीजीतला एसटी भाग, म्हणजे क्यूआरएस आणि त्यानंतरची टी लाट यांमधला भाग, मूळ चौकोनी लाटेच्या माथ्यासारखा सपाट असायला हवा, आणि हृदयविकाराच्या झटक्यात डॉक्टर नेमका तोच बघतात. निदानाच्या ईसीजीला ०.०५ ते १५० हर्ट्झचा पट्टा लागतो तो यासाठी. हे मॉड्यूल श्वासाने होणारं डोलणं कमी करतं, पण त्याची किंमत एसटी भागात मोजतं.

त्यामुळे याच्यावर काय मोजायचं नाही, तेही स्पष्ट असू द्या. नाडीचा दर, ठोक्यांमधलं अंतर, पी-क्यूआरएस-टीची ओळख: जरूर. एसटीची चढउतार: नाही. क्यूटी अंतर, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ: तेही नाही. स्त्रियांचं हृदयगतीनुसार दुरुस्त केलेलं क्यूटी पुरुषांपेक्षा सरासरीने थोडं लांब असतं आणि औषधांमुळे होणाऱ्या एका घातक अनियमिततेचा धोकाही त्यांना जास्त असतो, त्यामुळे हा विषय मुलींना ओढतो. पण टी लाटेचा शेवट फिल्टरने बदललेला असताना काढलेला आकडा दिशाभूल करेल. इलेक्ट्रोड हृदयाच्या फार जवळ लावले तर आर लाट दीड मिलिव्होल्टच्या वर जाऊन तिचं टोक कापलं जातं, हीही मर्यादा ११०० च्या गेनमधूनच येते. मैत्रिणीच्या नोंदीत काही वेगळं दिसलं तर तिला निदान सांगू नका. नीट मशीनवर ईसीजी काढायला डॉक्टरांकडे पाठवा, आणि तिची नोंद तिच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नका.

करिअरच्या दृष्टीने या मॉड्यूलचा खरा उपयोग नोंद हातात आल्यावर सुरू होतो. पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ सालची क्यूआरएस ओळखण्याची पद्धत स्वतः लिहून बघा: ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा, उतार, वर्ग, आणि साधारण १५० मिलिसेकंदांच्या खिडकीतली सरासरी. नुसती उंचीची मर्यादा लावली तर उंच टी लाटही ठोका म्हणून मोजली जाते आणि दर दुप्पट येतो. ही पद्धत ते का टाळते, हे आपल्याच नोंदीवर कळतं. मग तोच प्रोग्रॅम फिजिओनेट या संकेतस्थळावर मोफत असलेल्या एमआयटी-बीआयएच अ‍ॅरिदमिया डेटाबेसवर चालवा: अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, ३६० हर्ट्झ, ४७ व्यक्ती, त्यांत २५ पुरुष आणि २२ स्त्रिया. स्त्रियांच्या नोंदींवर चुका वेगळ्या होतात का, हे वेगळं मोजून दाखवणारा प्रकल्प-अहवाल ‘हार्ट रेट मॉनिटर बनवला’ यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. त्यात चुकलेल्या जोडण्या, त्यांची कारणं आणि केलेले उपायही लिहा. उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांत आयएसओ १४९७१ नुसार जोखमींची नोंद ठेवावी लागते. ‘चार्जर जोडलेला राहिला तर काय होईल, ते कसं टाळलं’ असा तक्ता विद्यार्थिदशेत केलेली मुलगी त्या कामाची भाषा आधीच बोलत असते. हॉस्पिटलच्या क्लिनिकल इंजिनिअरिंग विभागात जायचं असेल तर रंगसंकेत, लीड ऑफ, हम आणि गळती करंट या चार गोष्टी रोजच्या कामात उपयोगी पडतात. मुलींसाठी हे ‘स्वच्छ, बसून करायचं’ क्षेत्र आहे असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. त्यात रात्री बंद पडलेले मॉनिटर उघडणंही येतं.

घेताना बोर्डावर चिपचं नाव वाचता येतं का, जॅकचे सांधे पक्के आहेत का, आणि केबलची बटणं इलेक्ट्रोडवर टक् आवाज करून घट्ट बसतात का, एवढं बघा. सैल बटण ही स्वस्त नकलांची सगळ्यात सामान्य खोड आहे. त्यावर बोर्ड नाही, केबल बदलायची. सोबत इलेक्ट्रोडचं सीलबंद पाकीट, सोल्डरिंगचं साहित्य आणि मल्टिमीटर घ्यावंच लागेल, तो खर्च आधीच धरा. आधीच इलेक्ट्रॉनिक्सची पदवी असलेल्या आणि सॅम्पलिंग, एसपीआय (चिप आणि मायक्रोकंट्रोलरमधली डिजिटल जोडणी) वगैरे येत असलेल्या मुलीने हे मॉड्यूल वगळून सरळ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एडीएस१२९२आर चिपचा बोर्ड घ्यावा: दोन चॅनेल, २४ बिट, फिल्टरिंग बरंचसं आपल्या हातात, आणि श्वास मोजायची सोयही त्यातच. बाकी सगळ्यांनी एडी८२३२ पासूनच सुरुवात करावी, आणि चार्जर प्लगमधून काढून.